पिसांपासून कृषिसाहित्य

कुक्कुटपालनातील टाकाऊ पिसांच्या केराटिनापासून बनविलेली, जमिनीत कुजणारी खते, आच्छादन-पटले व रोपकुंड्या (पहा : कुक्कुटपालन, केराटिन). कोंबडीच्या वजनात पिसांचा वाटा सु. ५–७ टक्के असतो. पिसांत सु. ९० टक्के केराटिन आणि सु. १५ टक्के नायट्रोजन असते. गंधकाच्या आडव्या बंधांमुळे पीस पाण्यात विरघळत नाही, उकिरड्यातही लवकर कुजत नाही. दाबाखालील वाफेने, अल्कलीने किंवा बॅसिलस लायकेनिफॉर्मिससारख्या जीवाणूंच्या केराटिनेज एंझाइमाने केराटिनाचे विघटन होते. पिसे वाफवून, वाळवून दळलेले चूर्ण पिकाला सावकाश नायट्रोजन पुरवते. हा उपयोग जुनाच. केराटिनात ग्लिसरॉल मिसळून उष्ण दाबाखाली पटले व कुंड्या घडवितात.

असे पटल ठिसूळ असते, ओलाव्याने ढिले पडते, हा आक्षेप रास्तच आहे. मात्र आच्छादन एका हंगामापुरतेच टिकायचे असते. पॉलिथिनचे तुकडे मात्र रानात वर्षानुवर्षे राहतात (पहा : आच्छादन). पिसे पशुखाद्यात जातातच, मग हा खटाटोप कशाला, असेही म्हटले जाते. परंतु पीसचूर्णात लायसीन व मिथिओनीन कमी असल्याने खाद्यातील त्याचे प्रमाण मर्यादितच ठेवावे लागते. खरी अडचण खर्चाची आहे : ओल्या पिसांना चिकटलेली घाण लवकर सडते, म्हणून पिसे कत्तलखान्याजवळच धुऊन, तापवून निर्जंतुक करावी लागतात.