फोनचे पंधरा आंकडे

अल्लाउद्दीन खिलजीच्या फौजेंत घोड्याला डाग देण्याची आणि स्वाराचें वर्णन दप्तरांत लिहून ठेवण्याची पद्धति होती. अकबरानें सोळाव्या शतकांत तीच पुन्हां सुरू केली. हजेरीला चांगला घोडा आणावयाचा आणि मागाहून त्याच्या जागीं मरतुकडें तट्टू उभें करावयाचें, ही स्वारांची लबाडी मोडावी असा तींत हेतु होता. डाग घोड्याच्या अंगावर सर्वांना दिसे. तो लपविण्याची वस्तु नव्हतीच. त्याला जें मोल होतें तें दप्तरांतील नोंदीमुळें. प्रत्येक मोबाइल फोनला असलेला आयएमईआय नांवाचा पंधरा आंकडी क्रमांक हा त्याच जातीचा डाग आहे. जुना फोन विकणाऱ्याला हा क्रमांक कोणाला, केव्हां आणि कसा सांगावा असा जो प्रश्न पडतो, त्याचें उत्तर बरेंचसें या क्रमांकाच्या इतिहासांतच आहे.

युरोपांतील देशांनीं मिळून एकच मोबाइल पद्धति उभारावी या विचाराला १९८२ सालीं आरंभ झाला, आणि १ जुलै १९९१ रोजीं फिनलंडचे माजी पंतप्रधान हॅरी होलकेरी यांनीं टाम्परे शहराच्या उपमहापौर कारिना सुओनियो यांच्याशीं त्या नव्या पद्धतीवर पहिलें संभाषण केलें. या पद्धतींतील मोठी कल्पकता म्हणजे सिमकार्ड. ग्राहकाचें नांव, त्याचा नंबर, त्याचें देणें, हें सारें त्या चिमुकल्या पत्र्याला जोडलें गेलें; फोन कोणताही असो, कार्ड घातलें कीं तो त्या ग्राहकाचा झाला. सोय मोठी झाली खरी, पण तिच्या पोटीं एक अडचणही होती. चोरानें कार्ड काढून फेकून दिलें, तर हातीं उरणाऱ्या यंत्राला नांव ना गांव! म्हणून ग्राहकाच्या ओळखीहून वेगळी अशी यंत्राची स्वतःची ओळख ठेवण्यांत आली. ग्राहक बदलला तरी ती बदलूं नये, हेंच तिचें सारें काम.

या पंधरांपैकीं पहिले आठ आंकडे फोनचा प्रकार सांगतात (२००४ पूर्वीं सहा आंकडे प्रकाराचे आणि दोन जुळणीच्या ठिकाणाचे असत), पुढील सहा त्या एका नगाचे, आणि शेवटचा आंकडा हा केवळ पडताळ्याचा. पडताळ्याची ही युक्ति आयबीएम कंपनींतील हान्स पीटर लून यांची. तिच्या पेटंटसाठीं त्यांनीं १९५४ सालीं अर्ज केला व १९६० सालीं तें मिळालें. क्रमांक लिहितांना एक आंकडा चुकला तर ती चूक या युक्तीनें हटकून उघडी पडते. परंतु हा पहारा कारकुनाच्या हलगर्जीपणावर आहे, चोरावर नव्हे. कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्या कोणालाही हिशेबांत बसणारा क्रमांक पांच मिनिटांत तयार करतां येतो.

मोबाइल कंपन्यांनीं या क्रमांकांच्या तीन याद्या कल्पिल्या: पांढरी, करडी आणि काळी. चोरीचा फोन काळ्या यादींत गेला कीं त्याला सेवा मिळूं नये, अशी योजना. तिच्यावर चोरांनीं काढलेला तोडगा म्हणजे फोनमधील क्रमांकच बदलणें. ब्रिटनमध्यें २००२ सालीं यासाठीं स्वतंत्र कायदा झाला आणि परवानगीवांचून क्रमांक बदलणाऱ्यास पांच वर्षांपर्यंत कैद ठरली. हिंदुस्थानांत मोबाइलवरील पहिलें संभाषण ३१ जुलै १९९५ चें. पण येथें क्रमांकाकडे पुष्कळ दिवस कोणी गांभीर्यानें पाहिलें नाहीं. बाजारांत आलेल्या स्वस्त फोनांपैकीं कित्येकांना क्रमांकच नसे, किंवा असे तो नुसत्या शून्यांचा. अशा फोनांची सेवा २००९ च्या नोव्हेंबरअखेर बंद करण्याचा हुकूम सुटला, तेव्हां कोठें लोकांना फोनलाही नांव असतें हें कळलें. आणि तरीही २०२० सालीं मीरतच्या पोलिसांना एकाच क्रमांकावर १३,००० हून अधिक फोन चालत असल्याचें आढळून आलें!

विकणाऱ्याची भीति नेमकी येथून सुरू होते. नुसता क्रमांक हातीं आल्यानें कोणाला दुसऱ्याचें बोलणें ऐकतां येत नाहीं, निरोप वाचतां येत नाहींत, कीं बँकेंतील पैसे काढतां येत नाहींत. या बाबतींत लोक विनाकारण घाबरतात. धोका निराळा आहे. काळ्या यादींत अडकलेल्या फोनला हवा असतो तो निष्कलंक क्रमांक. आणि विक्रीच्या जाहिरातींत खोक्यावरील चिठ्ठीचें स्पष्ट छायाचित्र देणारा गृहस्थ तो आपल्या हातानें चोराच्या पदरांत टाकतो. तो क्रमांक चोरीच्या फोनवर चढला, आणि त्या फोनवरून कांहीं गुन्हा घडला, तर तपास करणारा अधिकारी कंपन्यांच्या नोंदी चाळीत प्रथम कोणाच्या दारीं येईल हें सांगावयास नको. २०२३ च्या दूरसंचार कायद्यांत अशा फेरफारास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. पण निरपराध माणसाला ठाण्यावर खेटे घालावे लागतात ते त्या शिक्षेनें चुकत नाहींत.

मग क्रमांक अजिबात सांगूंच नये काय? तसें म्हणणें घेणाऱ्यावर अन्याय करणें होय. हरवलेल्या व चोरीस गेलेल्या फोनांची मध्यवर्ती नोंद प्रथम सुरू झाली ती महाराष्ट्रांतच, सप्टेंबर २०१९ मध्यें मुंबईस. मे २०२३ पासून ती ‘संचार साथी’च्या रूपानें साऱ्या देशाला खुली झाली. केवायएम हीं अक्षरें, मग एक मोकळी जागा आणि क्रमांक, एवढा संदेश १४४२२ वर धाडला कीं तो फोन काळ्या यादींत आहे कीं काय, दुसऱ्या कोणाचा क्रमांक त्याला चिकटविला आहे कीं काय, याचा बोध होतो. पैसे मोजण्यापूर्वीं घेणाऱ्यानें ही खात्री करून घेणें हा त्याचा हक्कच आहे. उलट फोन विकून पैसे खिशांत पडल्यावर तो हरविल्याची खोटी तक्रार करणारे महाभागही असतात, आणि मग बंद पडलेलें यंत्र हातांत घेऊन बसावें लागतें तें घेणाऱ्याला. संशय दोन्ही बाजूंस आहे.

म्हणून क्रमांक जाहिरातींत देऊं नये. खोक्याचें छायाचित्र घालावयाचेंच तर आंकडे झांकावेत. ज्याचा भाव ठरला, जो समोर आला, त्याच्या देखत फोनवर *#०६# हीं चिन्हें दाबावीं, पडद्यावरील आंकडे आणि खोक्यावरील आंकडे त्यानें जुळवून पाहावे, आणि तेथल्या तेथें संदेश धाडून खात्री करून घ्यावी. तो परगांवचा असेल तर पडताळणीपुरते आंकडे त्या एकट्याला कळवावे; मूळ बिलाची प्रत धाडतांना आपला पत्ता व सही झांकावी. पूर्वीं हरवून पुन्हां सांपडलेला फोन असेल तर आपली बंदी आधीं उठवावी, नाहींतर खरा मालकच चोर दिसावयाचा.

आणि शेवटीं पावती. गुरांच्या बाजारांत बैलाचा रंग, शिंगें, वय लिहिल्यावांचून शहाणा शेतकरी दावें सोडीत नाहीं. फोनच्या पावतीवर क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम, दोघांचीं नांवें आणि सह्या हव्यात, व तिची एकेक प्रत दोघांजवळ राहावी. त्या वेळेपूर्वींचा वापर विकणाऱ्याचा, नंतरचा घेणाऱ्याचा, हें ठाण्यावर दाखवावयास दुसरें साधन सहसा नसतें. दोन सिमकार्डांच्या फोनला क्रमांकही दोन असतात, आणि घाईघाईनें केलेल्या पावतींत दुसरा बहुधा राहून जातो, तोही लिहावा.