ठाकुरवाडीच्या शाळेत चित्रकलेचे सर का नसतात?

मुंबई-पुणे रेल्वेमार्गावर कर्जत सोडून गाडी बोरघाट चढायला लागली की ठाकुरवाडी नावाची पाटी लागते. पण ठाकुरवाडी एकच नाही. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत डोंगराच्या पायथ्याशी, माळावर ठाकूर समाजाच्या अनेक वाड्या आहेत आणि त्यातल्या कितीतरी वाड्यांना याच नावानं ओळखलं जातं. अशा वाडीवर शाळा असते ती बहुतेक वेळा जिल्हा परिषदेची, प्राथमिक आणि दोन शिक्षकी. मुलांच्या प्रगतिपुस्तकात मात्र भाषा, गणिताच्या खाली ‘कला’ हा विषय असतो आणि त्याला श्रेणीही द्यावी लागते.

मग हा विषय शिकवतं कोण आणि रंग-कागदाचे पैसे येतात कुठून? थोडक्यात उत्तर असं: तेच दोन शिक्षक, आणि खडू-वीजबिलाच्याच पैशांतून.

साखळी मोठी, शेवटचं टोक रिकामं

अभ्यासक्रमाची दिशा पुण्यात ठरते, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत. पुस्तकं बालभारती काढते. प्राथमिक वर्गांसाठी कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण असे तीन विषय एकत्र करून तिनं ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तक काढलं. रायगडमधल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी पनवेलच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे, म्हणजे डाएटकडे आहे. शाळा चालवते अलिबागची जिल्हा परिषद. तालुक्याला गटशिक्षणाधिकारी आणि त्यांच्या खाली केंद्रप्रमुख.

दोन शिक्षकी शाळेसाठी कलाशिक्षकाचं वेगळं पद मात्र या साखळीत नाही.

याचं कारण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सापडतं. पहिली ते पाचवीत ६० पर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक, असं कायद्याची अनुसूची सांगते. कला, क्रीडा आणि कार्यानुभवासाठी अंशकालीन निदेशक द्यायचे, असंही ती सांगते. पण कुठे? सहावी ते आठवीच्या वर्गांत, आणि तेही पटसंख्या १०० च्या वर असेल तरच. वाडीवरच्या शाळेत मुळात सहावीच नसते. आठवीपर्यंत शाळा असली तरी डोंगराळ भागात तीन वर्गांत मिळून १०० मुलं जमणं अवघड. म्हणजे ज्या मुलांना शाळेबाहेर चित्रकलेचा क्लास मिळण्याची शक्यता सगळ्यात कमी, नेमकी तीच या नियमाच्या बाहेर राहतात.

पैशांचं गणित

सरकारी शाळांना ‘समग्र शिक्षा’ योजनेतून दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान मिळतं. योजनेच्या चौकटीनुसार ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, ३१ ते १०० असेल तर २५,००० रुपये. यातलेच किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. उरलेल्यात वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती. खेळाच्या साहित्यासाठी प्राथमिक शाळेला वेगळे ५,००० रुपयांपर्यंत आणि वाचनालयासाठी वेगळे ५,००० रुपयांपर्यंत अशी तरतूद आहे. कलेसाठी असा ठरावीक रकमेचा रकाना नाही. त्यामुळे रंगपेट्या की पंख्याची दुरुस्ती, हा निर्णय मुख्याध्यापकांवर येतो. पंखा जिंकला तर त्यांना दोष देता येत नाही.

२०१५ पासून केंद्र सरकार ‘कला उत्सव’ भरवतं. जिल्हा, राज्य, देश अशा पायऱ्या आहेत. पण तो सुरू झाला नववी ते बारावीच्या मुलांसाठी.

अंगात कला, हातात कागद नाही

कला संचालनालयाची इंटरमिजिएट परीक्षा दिली तर श्रेणीनुसार दहावीला ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात. त्यासाठी परीक्षेला बसवणारी हायस्कूल आणि शिकवणारे चित्रकलेचे सर हवेत. लोककलेलाही वाढीव गुण आहेत, पण त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. वाडीवर लग्नात नाचायला, वाजवायला शिकलेल्या मुलाकडे ते कुठून येणार?

ठाकर समाज आणि ढोल यांचं नातं सगळ्या महाराष्ट्रानं पडद्यावर पाहिलंय. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा ‘जैत रे जैत’ हा १९७७ चा सिनेमा रायगडातल्याच कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांचा, आणि त्याचा नायक नाग्या ढोल वाजवणारा. तोच ढोल शाळेत आणायचा तर वेगळ्या शिक्षकाची गरज नाही. वाडीतल्या जाणत्या माणसाला महिन्यातून दोनदा बोलवायचं आणि त्याला मानधन द्यायचं, एवढंच हवं.

हे मानधन कोण देणार, याचं एक उत्तर अमेरिकेत सापडतं. न्यूयॉर्क राज्यात १९४८ पासून ‘बोसेस’ नावाच्या प्रादेशिक शिक्षण संस्था आहेत, सध्या ३७. एकट्या छोट्या गावाला कलाकार परवडत नाही, म्हणून आसपासची शालेय मंडळं बोसेसमार्फत तो मिळून बोलावतात आणि खर्चाचा काही भाग राज्य सरकार नंतर परत करतं. आपल्याकडे या आकाराची रचना आधीच आहे: केंद्र. आसपासच्या शाळांचा एक गट, त्यावर एक केंद्रप्रमुख आणि शिक्षकांची शिक्षण परिषद. अशी ४,८६० केंद्रं राज्यात नव्वदच्या दशकातच उभी राहिली. एका केंद्रातल्या सगळ्या शाळांनी मिळून एक ढोलवाला किंवा एक चित्रकार वाटून घेणं त्यात सहज बसेल. अडतंय ते त्यासाठीच्या निधीपाशी.

तोपर्यंत पालकांच्या हातात एक जागा आहे. कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा हीच समिती तयार करते. रंग, कागद, ढोलकी आणि वाडीतल्या कलाकाराचं मानधन या आराखड्यात लिहून घेता येतं. त्यासाठी समितीच्या बैठकीत कुणीतरी हा विषय काढावा लागतो.