समुद्रापलीकडचा घोडा आणि त्याचे ठाण



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांच्या नावाला शोभेल असा विषय निवडावा, ही जबाबदारी वक्त्यावर असते. मी आयुष्यभर मराठी भाषा शिकविली. इतिहासाच्या प्रांतात मी शब्दांचे बोट धरून शिरतो. आजचा विषयही मला असाच एका शब्दाने सुचविला. तो शब्द म्हणजे ‘ठाण’. घोडा बांधण्याची जागा, तिला ठाण म्हणतात. अरबस्तानातून आणि इराणच्या आखातातून हजारो घोडे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. किती उतरले, काय भावाने विकले गेले, जकात किती बसली, याविषयी इतिहासग्रंथांत पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु गलबतावरून उतरलेला तो घोडा रात्री कोठे उभा राहिला, त्याच्यापुढे काय टाकले गेले आणि पहिल्या पावसाळ्यात त्याचे काय झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. माझ्या मते या व्यापाराचे खरे मर्म तेथेच आहे.

प्रथम दोन परकी साक्षीदार बोलावू. मार्को पोलो तेराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेच्या किनाऱ्याने गेला. होर्मुझची जहाजे त्याला मुळीच आवडली नाहीत. त्यांच्या फळ्या नारळाच्या काथ्याने शिवलेल्या असत. वर तक्तपोशी नसे. माल भरला की त्यावर कातडी अंथरीत आणि त्या कातड्यांवर घोडे उभे करून हिंदुस्थानात आणीत. कोरोमंडल किनाऱ्यावरील माबर देशातले राजे दरसाल हजारो घोडे विकत घेतात आणि वर्षाअखेर त्यांतले थोडेच जिवंत राहतात, असे तो सांगतो. येथील लोकांना घोड्याची निगा राखता येत नाही, ते त्याला भात आणि शिजविलेले मांस चारतात, उत्तम घोडीला उत्तम घोडा दाखविला तरी वाकड्या पायांचे निरुपयोगी शिंगरू जन्मते, असा त्याचा अभिप्राय आहे.

दुसरा साक्षीदार इराणचा इतिहासकार वस्साफ. त्याच्या हिशेबाप्रमाणे माबर आणि खंबायत वगैरे बंदरांत वर्षाला दहा हजार घोडे येत. एका घोड्याची किंमत २२० दिनार, म्हणजे एकूण बावीस लक्ष दिनार. हे घोडे येथे पोचले की त्यांना कच्च्या सातूऐवजी भाजलेले सातू आणि लोणी घातलेले धान्य देतात, गाईचे तापविलेले दूध पाजतात, चाळीस दिवस दोऱ्यांनी व मेखांनी तबेल्यात जखडून ठेवतात आणि मग कोणतेही शिक्षण न देता त्यांच्यावर स्वार होतात, याचे त्याला मोठे नवल वाटते.

या दोघांच्या आधाराने दाक्षिणात्यांना घोड्यातले काही कळत नव्हते, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. मला तो घाईचा वाटतो. त्याच मार्को पोलोने आणखी एक गोष्ट नोंदविली आहे. घोडे आणणारे व्यापारी नालबंदाला आणि घोड्याच्या वैद्याला बरोबर येऊ देत नसत, कारण घोडे जितके मरतील तितकी पुढच्या हंगामात मागणी वाढेल. मग अज्ञान कोणाचे आणि हित कोणाचे, हे पाहावयास नको काय? वस्साफही सांगतो की वाटेत मेलेल्या घोड्याची किंमतसुद्धा राजाच्या खजिन्यातून चुकती होई. याला दुजोरा पुढे दोनशे वर्षांनी मिळतो. विजयनगरचा सालुव नरसिंह होर्मुझ आणि एडनचे घोडे जिवंत वा मृत, हजार पर्दावांना तीन या भावाने घेत असे. समुद्रात मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखविली तरी पैसे मिळत, असे फेर्नांव नुनिश या पोर्तुगीज घोडेव्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. जेथे शेपटीलाही घोड्याचे मोल मिळते, तेथे पखालीतले शेवटचे पाणी घोड्याला पाजण्याची निकड व्यापाऱ्याला किती राहणार? आपल्या ठाण्याच्या राजाचे तर विचारूच नका. त्याने चाच्यांशी करार केला होता: लुटीतला बाकीचा माल त्यांचा, घोडे तेवढे राजाचे. हेही मार्को पोलोच सांगतो.

हजारांच्या आकड्यांतून एकेका घोड्याचे हाल दिसत नाहीत. म्हणून आता एका माणसाची आणि त्याच्या एकाच घोड्याची हकिगत सांगतो. व्होल्गा नदीकाठच्या त्वेर नगरीचा व्यापारी अफानासी निकितीन इ. स. १४६९ च्या सुमारास होर्मुझहून एक घोडा घेऊन निघाला. या घोड्यापायी त्याचे शंभर रूबल गुंतले होते. सहा आठवड्यांचा समुद्रप्रवास करून तो चौलास उतरला. तेथून आठ दिवसांनी घाटपायथ्याची पाली, मग दहा दिवसांनी उमरी नावाचे ठिकाण आणि आणखी सहा दिवसांनी जुन्नर. आपण आज काही तासांत काटतो त्या वाटेला त्याला चोवीस दिवस लागले. घोडा धडधाकट पोचला याबद्दल तो देवाचे आभार मानतो.

तोच पावसाळा सुरू झाला. चार महिने रात्रंदिवस जिकडे तिकडे पाणी आणि चिखल, असे त्याने लिहिले आहे. रशियन माणसाने आपल्या पावसाळ्याला ‘हिवाळा’ म्हटले आहे, कारण घरात कोंडून राहण्याचा ऋतू त्याच्या अनुभवात तोच! दोन महिने तो जुन्नरास अडकला. वाटसरूंच्या उतरण्याच्या जागा आणि तेथे त्यांना रांधून घालणाऱ्या बायका यांची नोंद तो करतो. घोडा कोठे बांधला होता, ते मात्र सांगत नाही. त्याचा चारा मात्र त्याने नेमका टिपला आहे: हरभरा, आणि साखर व तूप-तेल घालून शिजविलेली खिचडी. या देशात घोडे निपजत नाहीत, बैल आणि म्हशी निपजतात आणि ओझी त्यांच्यावरच लादतात, असेही तो म्हणतो.

जुन्नरच्या असदखानाने तो घोडा हिरावून घेतला. घोड्याचा धनी मुसलमान नसून ख्रिस्ती आहे हे कळताच खानाने त्याला अट घातली. धर्म बदललास तर घोडा परत आणि वर एक हजार सुवर्णनाणी. न बदललास तर घोडा गेलाच, शिवाय हजार नाणी तुझ्याकडून वसूल. मुदत चार दिवसांची. मायदेशापासून हजारो कोस दूर, सारे भांडवल त्या एका जनावरात अडकलेले, बाहेर मुसळधार पाऊस. अशा अवस्थेत त्या माणसाने ते चार दिवस कसे काढले असतील, याची कल्पनाच केलेली बरी. अखेरीस खोरासानचा कोणी ख्वाजा महंमद तेथे आला. निकितीनने त्याचे पाय धरले. त्याने खानाकडे रदबदली केली आणि घोडा धर्मासह सुटला. मुसलमान सरदाराने घेतलेला घोडा मुसलमान गृहस्थाच्याच शब्दाने परत आला, ही गोष्ट निकितीनने प्रांजळपणे लिहिली आहे. पुढे बिदरास त्याने तो घोडा विकला. वर्षभर चारले आणि त्यापायी अडुसष्ट ‘फुतून’ खर्च झाले, एवढाच हिशेब त्याने दिला आहे. विक्रीची रक्कम दिलेली नाही. व्यापाऱ्याच्या लेखणीतून खर्च उतरावा आणि आवक उतरू नये, यातच बरेच काही आले. रेवदंड्यास त्याचे स्मारक आहे. चौलाकडे जाल तेव्हा ते अवश्य पाहा.

निकितीन येथून गेल्यावर चाळीस वर्षांच्या आतच हा व्यापार आपल्या दाराशी आला. १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा घेतला, १५१५ मध्ये होर्मुझही पोर्तुगीजांच्या ताब्यात पक्के आले आणि घोड्याच्या वाटेची दोन्ही टोके एका मुठीत आली. घोड्यांची जहाजे गोव्यासच लागावीत असा त्यांचा आग्रह होता. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे राहिलेला डच प्रवासी लिन्शोतेन सांगतो की घोडे घेऊन येणाऱ्या जहाजावरील इतर मालाला जकात माफ असे. घोडे नसले तर शेकडा आठ भरावे लागत. घोडा गोव्याबाहेर पडताना त्याच्यावर जबर कर होताच. याच तिसवाडीत, एळ्याच्या धक्क्यावर उतरलेला घोडा घाट चढून विजयनगरास किंवा विजापुरास जाई. १५६५ मध्ये विजयनगर पडले आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईकच नाहीसे झाले. १६२२ मध्ये होर्मुझही पोर्तुगीजांच्या हातून गेले.

आता चाऱ्याच्या मुद्द्याकडे परत येतो, कारण मार्को पोलो आणि वस्साफ यांनी आपल्यावर ठेवलेला मुख्य ठपका तोच आहे. अरबी घोडा सातू आणि कोरडे गवत खाऊन वाढलेला. कोकण-गोमंतकात किंवा माबरात सातू पिकत नाहीत. पिकतो तो भात आणि त्यामागून कुळीथ. कुळीथ दगडासारखा कठीण. शिजविल्याखेरीज जनावराला नीट पचत नाही, हे आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. तेव्हा घोड्याला शिजविलेले दाणे घालणे ही हाताशी असलेल्या धान्यातून काढलेली वाट होती. पाहुणे ज्याला हसले, तीच रीत पुढे इंग्रजांनी उचलली. मद्रास इलाख्यात त्यांच्या घोड्यांना उकडलेला कुळीथच मिळत असे आणि इंग्रजीत त्या धान्याचे नावही घोड्यावरूनच पडले. मांस, लोणी आणि दूध यांची गोष्ट निराळी. तेथे मी आपल्या पूर्वजांची वकिली करणार नाही. समुद्रावर शिणून आलेल्या घोड्याला विश्रांती हवी हे खरे. परंतु मोकळ्या वाळवंटातल्या जनावराला चाळीस दिवस मेखांना जखडून तुपालोण्यावर ठेवणे म्हणजे पाहुण्याला प्रेमाने मारणे होय. त्यात पावसाळी ओल. कोरड्या जमिनीवरचा टणक खूर सततच्या चिखलात मऊ पडतो, सडतो, आणि ज्याचे खूर गेले तो घोडा गेला.

येथे माझी मराठी माझ्या मदतीला येते. लगाम, जीन, चाबूक, तोबरा, मेख हे शब्द फारसीतून आले. रिकीब आणि नाल मूळ अरबी. सामान घोड्याच्या पाठीवरूनच आले, तेव्हा नावेही बरोबर आली. ‘पागा’ म्हणजे फारसी पायगाह. हैदराबादच्या पायगा अमीरांच्या बिरुदात तोच शब्द आहे. ‘तबेला’ हा शब्द तवीला या अरबी-फारसी शब्दावरून आला आणि त्याचा मूळ अर्थ घोडे बांधण्याची लांब दोरी. याउलट ठाण, दावण, चारा, वैरण, कडबा हे सारे शब्द घरचे. मोठी सरकारी व्यवस्था परक्या नावाची, आणि एका घोड्यापुरती जागा व त्याच्या तोंडचा घास देशी नावाचा, अशी ही वाटणी आहे. परका घोडा येथे जगला तो या दुसऱ्या यादीच्या बळावर, असे मी समजतो. ज्यांनी ही यादी रोजच्या वापरात जिवंत ठेवली त्या मोतद्दारांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. घोड्यांची मात्र आहेत!

घाटमाथ्यावर भीमा-नीरेच्या कोरड्या खोऱ्यांत हरळी, कडबा आणि हरभरा यांवर जी भीमथडी तट्टे तयार झाली, त्यांच्यात अरबी आणि स्थानिक रक्ताचा मिलाफ आहे असे मानतात. लहान चणीची, काटक, थोडक्यात भागविणारी ही जात. तिच्याच पाठीवरून मराठे दूरदूर गेले. परंतु कोकणच्या पावसात घोडदळ ठेवणे हा प्रश्न त्यामुळे सुटला नव्हता. म्हणूनच सभासद बखरीत सांगितलेली शिवाजीमहाराजांची छावणीची व्यवस्था महत्त्वाची वाटते: पावसाळ्यापूर्वी लष्कराने देशी परतावे, आणि दाणा, रतीब, औषधे, घोड्यांसाठी गवताने शाकारलेले खण आधीच सिद्ध असावेत.

याहूनही बोलके आहे ते १६७३-७४ च्या सुमारास चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना महाराजांनी धाडलेले पत्र. ते मुळातून वाचावे, अशी माझी विद्यार्थ्यांना विनंती आहे. साठविलेले दाणे-वैरण आताच मनास येईल तसे उधळाल तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, अशी त्यात ताकीद आहे. मग लष्कर कुणब्यांच्या घरात शिरेल. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. आणि रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरा वाटेल. घोड्याच्या दाणावैरणीपासून रयतेच्या चुलीपर्यंतचा हा धागा एवढ्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही राज्यकर्त्याने मांडलेला माझ्या वाचनात नाही. पुढे आगीचा इशारा येतो. गवताच्या गंजी जवळ आहेत, वारा आहे, याचे भान न ठेवता कोणी चुली पेटवील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल. एका खणाला आग लागली की सारे खण जळतील, आणि भर पावसात नवा खण उभारायला लाकूडही मिळणार नाही. रात्री दिवे जळत ठेवू नका, हेही बजावले आहे, कारण उंदीर पेटती वात तोंडात धरून गवतात नेईल.