नांगर आणि गिऱ्हाईक



नोकरीच्या निमित्ताने गेली काही वर्षे माझे बिऱ्हाड चंडीगढच्या सेक्टर ३२ मध्ये आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय याच सेक्टरात, आणि सनातन धर्म महाविद्यालयही येथेच. त्यामुळे इथल्या बाजारात रुग्णांचे नातेवाईक आणि विद्यार्थी यांची सदैव वर्दळ असते. दिवाळीच्या तोंडावर एका दुकानाच्या दाराशी एक विद्यार्थी कपडे धुण्याच्या नव्या पावडरीच्या पुड्या वाटीत उभा होता. एका वृद्ध बाईंनी पुडी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि ठणकावून सांगितले की, असल्या पावडरीने हातांची सालटी निघतात. मुलाने पाठ केलेली वाक्ये म्हणावयास सुरुवात केली. बाईंचा आवाज चढला, दुकानदार बाहेर आला, आणि जमलेल्या चारचौघांची फुकटात करमणूक झाली.

मला मात्र हसू आले नाही. पुण्यात एम. ए. करीत असताना सुट्टीत चार पैसे मिळावेत म्हणून मीही एका दुकानात असाच उभा राहिलो आहे. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक शंकेला एक उत्तर आम्हांला शिकवून ठेवलेले असे. मी वादात बहुधा जिंकत असे, आणि माल बहुधा फडताळातच राहत असे. असे का होते, हे मला पुढे पुष्कळ वर्षांनी उमगले, आणि तेही लक्ष्मणराव किर्लोस्करांचा इतिहास वाचताना.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले; पण रंग ओळखण्याच्या बाबतीत दृष्टीत दोष निघाला. रंग सुटले, रेषा राहिल्या. यंत्रांची रेखाचित्रे काढता काढता ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा ती नोकरी सोडून ते बेळगावला आले. तेथे त्यांचे बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर सायकलींचे दुकान होते. सायकल विकावयाची, आणि पंधरा रुपये घेऊन ती चालवावयासही शिकवावयाचे, असा तो व्यवहार होता. ही गोष्ट किरकोळ वाटते खरी. पण ज्या गिऱ्हाइकाला वस्तू वापरताच येत नाही त्याला ती नुसती विकून भागत नाही, हा धडा या कुटुंबाला तेथेच मिळाला असावा.

पुढे कडबा कापण्याचे यंत्र झाले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला. येथे मात्र गाठ पडली ती खऱ्या अर्थाने अवघड गिऱ्हाइकाशी. शेतकरी म्हणे, लोखंड हे जमिनीला विष आहे. काळी आई नासेल. पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली असे सांगतात. दोन वर्षे! भांडवल बेताचे, कारखाना नवा, आणि समोर उभा असलेला मनुष्य मालाला हात लावावयासही तयार नाही.

ही हकीकत आपल्याकडे नेहमी शेतकऱ्याच्या अंधश्रद्धेची म्हणून सांगितली जाते. मला ते पटत नाही. आपल्या जुन्या लाकडी नांगराचा फाळ कशाचा असे? लोखंडाचाच! पिढ्यान् पिढ्या लोखंडाने जमीन उकरणाऱ्या माणसाला लोखंडाची भीती वाटेल कशी? तो बोलत होता लोखंडाविषयी. त्याच्या मनात होते निराळेच.

लाकडी नांगर गावचा सुतार घडवी. त्याचा फाळ गावचा लोहार शेवटून देई. त्याचा मोबदला सुगीला बलुत्याच्या रूपाने, धान्यात. ऐन नांगरटीत हाळीस मोडली तर सुतार बांधावर हजर. याउलट या नव्या नांगराला रोख पैसे मोजावयाचे, आणि तो मोडला तर जावयाचे कोणाकडे? बेळगावला? तोवर वाफसा थांबतो थोडाच? एका नांगरटीचा घात चुकला तर वर्ष हातचे जाते. शिवाय लाकडी नांगर जमीन फाडतो, लोखंडी नांगर ती उलथून टाकतो. खालची कच्ची माती एकदम वर आली तर पहिल्या हंगामात पिकाला मार बसू शकतो, हे शेतीशास्त्रालाही मान्य आहे. म्हणजे जमीन नासेल ही भीती अगदीच निराधार नव्हती. हरळी आणि कुंदा खणून काढावयास खोल नांगरट हवी आणि त्यासाठी लाकडी नांगराला बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागतात, हे शेतकरी विक्रेत्याहून अधिक जाणत होता. त्याला नांगर नको होता असे नाही. नांगराच्या मागे कोण उभे आहे, हे त्याला पाहावयाचे होते.

आम्ही सरकारी नोकर योजना घेऊन खेड्यात जातो तेव्हा हेच घडते. मनुष्य काहीतरी विचित्र कारण सांगून नाही म्हणतो, आपण त्या कारणाचे खंडन करीत बसतो, आणि टिप्पणी लिहितो की जनजागृतीची आवश्यकता आहे. असो.

लक्ष्मणराव मागे उभे राहिले. बेळगावची जागा नगरपालिकेने काढून घेतल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना दहा हजार रुपये कर्जाऊ दिले आणि कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर माळजमीन दिली. निवडुंगाने आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. आता कारखाना रेल्वेला लागून, शेतकऱ्याच्या मुलखात आला. इंग्लंडातून येणारे नांगरही बाजारात होते. पण त्यांचा कर्ता शेतकऱ्याला कधी दिसणे शक्य नव्हते, आणि हा दिसत होता.

प्रचाराचे काम लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांच्याकडे आले. हेही चित्रकार, आणि त्यांचे शिक्षण काही काळ पंडित सातवळेकरांकडे लाहोरला झालेले. ज्या लाहोरला मुकल्यामुळे पंजाबला चंडीगढ वसवावे लागले, तेच लाहोर. शंकररावांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढली ती कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचावी म्हणून. १९२९ मध्ये ती नुसती ‘किर्लोस्कर’ झाली, आणि नांगराच्या जाहिरातीसाठी निघालेल्या पत्राने अर्ध्या महाराष्ट्राला वाचनाची गोडी लावली. जाहिरातीचे असे भाग्य क्वचितच उजळते.

हे सारे मी त्या मुलाला सांगितले. गर्दी ओसरल्यावर तो पायरीवर चहा घेत बसला होता. बाईंशी वाद घालू नकोस, हातांना काय झाले होते ते विचार, आणि पुढल्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या की पावडर कशी वाटली तेही विचार, असा वडीलकीचा सल्लाही दिला. त्याने सारे शांतपणे ऐकून घेतले. दोन वर्षांची गोष्ट त्याला विशेष वाटली असावी.

“दोन वर्षे, सर?” तो म्हणाला, “मला तर दिवाळीपर्यंतच ठेवले आहे.”