शाहू बोर्डिंग : एका पंगतीतले संस्कार

शाळेने मुलांचा स्वभाव घडवावा, ही अपेक्षा महाराष्ट्रात ‘मूल्यशिक्षण’ हा शब्द वेळापत्रकात येण्याच्या कितीतरी आधीची आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात उभे केलेले वसतिगृह हा तिचा ठळक प्रयोग होता.

या प्रयोगाची पूर्वपीठिका कोल्हापुरात आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ पासून तेथे मराठा, जैन, मुस्लिम अशी एकेका समाजाची वसतिगृहे निघाली. शहरात राहण्याजेवण्याची सोय नसल्याने खेड्यातल्या मुलांचे शिक्षण अडत होते; वसतिगृहांनी ती अडचण दूर केली. मात्र प्रत्येक समाजाची पंगत वेगळीच राहिली. कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेले भाऊराव विद्यार्थिदशेत कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्यांनी शुद्धीसाठी आंघोळ करण्यास नकार दिला आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे कार्यालय साताऱ्याला आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले.

येथे नीतिपाठाचा वेगळा तास नव्हता. शिकवण दिनक्रमातूनच मिळे. स्वयंपाक, पाणी भरणे, झाडलोट आणि शेतीची कामे मुलेच करीत. भाकऱ्या थापायला कोणी बसायचे आणि वाढायला कोणी उभे राहायचे, हे जातीवर ठरत नसे. गावात ज्याची सावलीही टाळली जाई, त्याच्या हातची भाकरी इथे इतरांच्या ताटात पडे. समानता हा शब्द पाठ होण्याआधी तिची सवय लागे. घरची शिधासामग्री आणि लोकांनी दिलेले धान्य यांवर सगळ्यांचे पोट भरायचे असल्याने टंचाईही वाटून घ्यावी लागे. दुसऱ्याच्या भुकेची जाणीव ठेवणे आणि रुसवेफुगवे आपसांत मिटवणे या गोष्टी तिथल्या रोजच्या गरजाच होत्या.

या घडणीत भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा वाटा मोठा होता. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी सर्व जातींच्या मुलांना आपल्या स्वयंपाकघरात घेतले. धान्य संपले तेव्हा दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडून त्यांनी मुलांच्या जेवणाची सोय केली. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.

‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे घोषवाक्य ‘कमवा आणि शिका’ योजनेत उतरले. मुले शेतात राबून आणि अंगमेहनतीची कामे करून शिक्षणाचा खर्च भागवीत. श्रमाने खर्च निघे, शिवाय फुकटचे खाण्याची लाज आणि कष्टाचा अभिमान अंगी मुरे. ही पद्धत पसरवायची तर तशा घडणीचे शिक्षक हवेत, म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यात अध्यापक विद्यालय निघाले. पुढे १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. ९ मे १९५९ रोजी भाऊरावांचे निधन झाले, त्या वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले होते.

पुढच्या काळात हाच हेतू शासकीय अभ्यासक्रमात आला. राज्याच्या मूल्यशिक्षणात श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा अशी दहा मूल्ये निश्चित झाली आणि परिपाठातून ती मुलांपर्यंत पोहोचवली जाऊ लागली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सामाजिक-भावनिक शिक्षणाचा उल्लेख केला आहे. परिपाठ लाखो मुलांपर्यंत पोहोचतो, पण तो दिवसातल्या थोड्या वेळापुरता असतो. बोर्डिंगमध्ये मोजकीच मुले सामावत. तिथे मात्र एकमेकांशी कसे वागायचे, याची परीक्षा रोजच्या जेवणात आणि कामात होत असे.