बाळंतविडा घरी विणताना

बाळंतविडा म्हणजे बाळ-बाळंतिणीसाठी माहेरून येणारा कपड्यांचा संच. त्यात कुंची, झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, पायमोजे आणि स्वेटर असतात. आपल्या धारवाड भागात कुंचीसारख्याच टोपऱ्याला कानडीत कुलावी म्हणतात व ती खणाची शिवतात. यांपैकी विणायच्या वस्तू नव्याने शिकणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. काही घरांत बाळ जन्मण्याआधी काही आणत नाहीत. त्यांनी तोवर नमुने विणून हात बसवावा.

लोकर आणि सुया

दुकानात 'बेबी वूल' म्हणून मिळते ती बहुधा अ‍ॅक्रिलिक असते. ती मऊ असते व धुऊन आटत नाही, पण इस्त्रीने बिघडते. खरी लोकर गरम पाण्यात चोळली की आटते. केलगेरीत पावसाळ्यातला गारवा आणि डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटा सोडल्या तर सुती धाग्याचे विणकामच जास्त वापरात येते.

आपल्याकडे सुयांना जुने इंग्लिश क्रमांक आहेत. त्यात आकडा मोठा तशी सुई बारीक. १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी व ८ नंबर म्हणजे ४ मिमी. चारपदरी लोकरीला १० नंबर चालते.

आधी नमुना, मग हिशेब

एक सुई सुलट, एक सुई उलट असा हातभर नको, १२ सेंमीचा चौकोन विणा आणि मधल्या १० सेंमीतले टाके मोजा. ते साधारण २८ येतात. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ३५ सेंमी असतो. टोपडे ताणले जाते, म्हणून ३४ सेंमी धरा. २८ ला ३४ ने गुणून १० ने भागले की ९५ येतात. आठाने भाग जावा म्हणून ९६ टाके घ्या.

टोपडे

१. ९६ टाके घालून ३ सेंमी एक सुलट, एक उलट असा काठ विणा.
२. पुढे ७ सेंमी एक सुई सुलट, एक सुई उलट.
३. आता ६ सुलट, २ एकत्र असे पूर्ण सुईभर. पुढची सुई उलट.
४. मग ५ सुलट, २ एकत्र. असे दर सुलट सुईला एकेक कमी करत, शेवटी नुसते दोन-दोन एकत्र घेऊन १२ टाके उरवा.
५. लोकर तोडून सुईदोऱ्याने या टाक्यांतून ओवा, ओढून घट्ट करा आणि मागची शिवण घाला.

क्रोशाची सुरुवात दुपट्याच्या काठाने करावी. मलमलीच्या दुपट्याला चारी बाजूंनी मुक्या खांबांची एक ओळ घातली की साखळी, खांब व कोपरा वळवणे हे सगळे हाताखालून जाते.

जपायच्या गोष्टी

• पायमोजे, हातमोजे आतून उलटून पाहा. सुटा धागा बोटाला गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा थांबतो आणि बाळ नुसते रडत राहते. टोके दोन्ही दिशांना ओवून पक्की करा.
• जाळीदार नक्षी दुपट्याच्या काठाला शोभते, पण हातमोज्याला नको. बोटे अडकतात.
• टोपड्याला हनुवटीखाली बंद लावू नयेत. स्वेटर पुढून उघडा ठेवावा, बटणे घट्ट शिवावीत. गोंडे व मणी टाळावेत.
• शेक-शेगडीजवळ अ‍ॅक्रिलिकचे कपडे बाळाच्या अंगावर ठेवू नयेत. ते पेट घेते व वितळून कातडीला चिकटते. धुरी तर डॉक्टर देऊच नका म्हणतात.
• झोपलेल्या बाळावर विणलेले जाड पांघरूण नको. घरात ऊब असेल तर टोपडेही काढावे.

कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी उघडे धरण्याची 'कांगारू' पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. तीत बाळाच्या अंगावर लंगोट, टोपडे आणि पायमोजे एवढेच असतात. म्हणून पहिल्यांदा विणायला घ्यायचे ते टोपडेच. स्वेटर मात्र तीन महिन्यांच्या मापाचा करावा, नाहीतर विणून होईपर्यंत बाळ मोठे झालेले असते.