रॉथम्स्टेडचे खतप्रयोग आणि जमिनीची सुपीकता

पीक काढून नेले की जमिनीतील पोषकद्रव्ये उणी होतात, हे शेतकऱ्यास अनुभवाने ठाऊक होते. परंतु ती उणीव कशाने व किती काळात भरून निघते, याचा निर्णय १९ व्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत झालेला नव्हता. १८४० मध्ये लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने वनस्पतींच्या पोषणाचा खनिजसिद्धान्त मांडला. वातावरणातील अमोनिया पिकास पुरेसा असून शेतात राखेतील क्षार घातले म्हणजे झाले, असे मत त्याने पुढे प्रतिपादिले.

या मताची कसोटी इंग्लंडातील रॉथम्स्टेड येथे लागली. सुपरफॉस्फेटचे एकस्व १८४२ मध्ये मिळविणारे जॉन बेनेट लॉज आणि लीबिगच्याच प्रयोगशाळेत शिकलेले जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी १८४३ मध्ये ब्रॉडबॉक या शेतात गव्हावरील प्रयोगास आरंभ केला. एका पट्ट्यास काहीच नाही, दुसऱ्यास दरवर्षी हेक्टरी सुमारे ३५ टन शेणखत, इतरांस निरनिराळी रासायनिक खते, अशी योजना होती. केवळ क्षार दिलेल्या पट्ट्यांत उत्पन्न फारसे वाढले नाही. नत्र दिल्याबरोबर ते वाढले. लीबिगचे मत या मुद्यापुरते टिकले नाही.

तथापि, प्रयोगाचे खरे महत्त्व या वादाच्या निकालात नाही. योग्य प्रमाणात दिलेल्या रासायनिक खतांनी दीर्घकाळ शेणखताच्या तोडीचे उत्पन्न दिले. त्यामुळे केवळ पिकाकडे पाहणाऱ्यास दोन्ही खते सारखीच वाटली असती. मातीचे पृथक्करण मात्र निराळे सांगते. शेणखताच्या पट्ट्यातील नत्र बिनखताच्या पट्ट्याच्या दुपटीहून अधिक झाले; रासायनिक खतांच्या पट्ट्यांत ते थोडेच वाढले. सुपरफॉस्फेटमधील स्फुरद मातीत साठत गेला. उलट, ऑगस्टस व्होल्कर यांनी शेतातील भूमिगत नाल्यांचे पाणी तपासले, तेव्हा अमोनियाक्षारांतील नत्राचा काही अंश नायट्रेटच्या रूपाने वाहून जात असल्याचे दिसून आले.

हूसफील्ड येथील सातूच्या प्रयोगात एका पट्ट्यास १८५२ ते १८७१ ही २० वर्षे शेणखत देऊन पुढे ते बंद केले. शंभर वर्षांनंतरही त्या मातीतील नत्र कधीच खत न मिळालेल्या मातीपेक्षा अधिक भरले.

या अभ्यासाचा भारताशीही संबंध आला. ऑगस्टस यांचे पुत्र जॉन ऑगस्टस व्होल्कर १८८९ मध्ये भारतीय शेतीच्या पाहणीसाठी येथे आले. १८९३ च्या आपल्या अहवालात त्यांनी शेण जाळले जाण्याचे मूळ शेतकऱ्याच्या अज्ञानात नव्हे, तर सरपणाच्या टंचाईत दाखविले आणि गावांसाठी सरपण व चारा यांची राखीव वने सुचविली. हूसफील्डचा पुरावा जवळ ठेवून पाहिल्यास, चुलीत गेलेल्या गोवरीची हानी एका हंगामापुरती नसते, हे ध्यानी येते. जमिनीचा जमाखर्च एका पिढीच्या उत्पन्नावरून मांडता येत नाही, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.